‘माहीत असणं’ आणि ‘वाटणं’: तत्त्वज्ञानाच्या मराठीची एक तपासणी

(लकडगंज, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

आधी एक दुरुस्ती. मागच्या भागाचं शब्दांकन यंत्राकडून करून घेतलं होतं. ते ज्यांनी वाचलं त्यांना न्यायदर्शनात ‘प्रेमा’ नावाच्या कुणा बाई आहेत असं वाटलं असेल. ती ‘प्रमा’ आहे. प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव. एका श्रोत्यांनी तर लिहून विचारलं की या बाईंचा काळ कोणता. (हशा) हसू नका. त्यांनी विचारलं तरी, बाकीच्यांनी तसंच वाचून सोडून दिलं.

आजचा विषय पत्रिकेवर ‘ज्ञान आणि मन: मूलभूत संकल्पना’ असा छापलाय. पण त्या संकल्पना एकेक करून समजावणं हे काम पाठ्यपुस्तकं करतात. मला त्या पाठ्यपुस्तकांच्या मराठीबद्दल तक्रार करायची आहे. ज्ञान, विश्वास, समर्थन, श्रद्धा, मन हे जे शब्द आपण वापरतो, ते इंग्रजी शब्दांच्या जागी बसवलेले आहेत. काही नीट बसलेत, काही बसलेले नाहीत. आणि न बसलेल्या शब्दांनी केवळ परीक्षेतले मार्क जात नाहीत, घरात आणि समाजात भांडणं होतात. कशी, ते पुढे येईल.

टीका करायची तर समोर भक्कम माणूस हवा. नागपुरात उभं राहून या विषयावर बोलताना दि. य. देशपांडे सरांना वगळता येत नाही. सर अमरावतीला विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. एप्रिल १९९० मध्ये त्यांनी नागपुरातून ‘नवा सुधारक’ हे मासिक काढलं, पुढे त्याचं नाव ‘आजचा सुधारक’ झालं. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ चा, म्हणजे शंभर वर्षांनी तो धागा नागपुरात उचलला गेला. देकार्तची ‘चिंतने’ त्यांनी मराठीत आणली, ‘युक्तिवादाची उपकरणे’ हे तर्कशास्त्राचं पुस्तक लिहिलं. त्यांचं मराठी स्वच्छ. रसेल आणि मूर यांच्या वळणाचा विचार, आणि तो सांगताना एकही शब्द मिरवण्यासाठी नाही. आमच्या पिढीतल्या अनेकांना ‘युक्तिवाद’ म्हणजे आवाज चढवणं नव्हे, हे त्या लेखनाने शिकवलं. तेव्हा मी जे बोलणार आहे ते त्या परंपरेच्या आतूनच. माझा रोख सरांच्या एखाद्या लेखावर नाही. त्या लेखनातून आणि आपल्या क्रमिक पुस्तकांतून जी विवेकवादी मराठी तयार झाली, तिच्यावर आहे.

सुरुवात ज्ञानापासून करू. पुस्तकात व्याख्या असते: ‘ज्ञान म्हणजे समर्थित सत्य विश्वास.’ विद्यार्थी पाठ करतो, पेपरात लिहितो, पाच मार्क मिळवतो. आता यातला एकेक शब्द उचलून बघा.

‘विश्वास’. मराठीत विश्वास कुणावर तरी असतो. माझा तुझ्यावर विश्वास आहे. विश्वास टाकतात, ठेवतात, विश्वासघात करतात. ‘माझा असा विश्वास आहे की उद्या पाऊस येईल’ हे वाक्य मराठी माणूस फक्त भाषणात बोलतो. घरी तो काय म्हणतो? ‘उद्या पाऊस येईल असं वाटतं.’ इंग्रजीतल्या ‘बिलीफ’ची जागा आपल्या बोलण्यात ‘वाटणं’ या क्रियापदाने घेतलेली आहे. आणि हे फार पसरट क्रियापद आहे. भीती वाटते, बरं वाटतं, चहा गोड वाटला, तो प्रामाणिक वाटतो, दोन अधिक दोन चार असं मला वाटतं. हे शेवटचं ऐकून तुम्ही हसाल. का हसाल? कारण जे पक्कं माहीत आहे त्याला आपण ‘वाटतं’ म्हणत नाही. ‘वाटतं काय, माहीत आहे मला!’ असं आपण फटकारून सांगतो.

मग व्याख्या मराठीत आणली तर काय म्हणते? माहीत असणं हा वाटण्याचाच एक प्रकार, फक्त खरा निघालेला आणि आधार असलेला. मराठी कान हे सहज कबूल करत नाही.

इथे कुणी म्हणेल की इंग्रजीतही लोक ‘आय डोन्ट बिलीव्ह, आय नो’ म्हणतातच, त्यात मराठीचं विशेष काय? आक्षेप बरोबर आहे. प्लेटोच्या काळापासून मत आणि ज्ञान या दोन वेगळ्या जाती मानणारे लोक आहेत, आणि ऑक्सफर्डच्या टिमथी विल्यमसनने २००० साली पुस्तकभर हेच मांडलं की ज्ञानाचे तुकडे करून ते विश्वासातून बांधता येत नाही, सुरुवातच ज्ञानापासून करायला हवी. म्हणजे प्रश्न तिकडेही उघडा आहे. माझी तक्रार अशी की आपल्या पुस्तकांत तो बंद झालेला दिसतो. ‘विश्वास’ हा परका वाटणारा शब्द बसवल्यामुळे विद्यार्थ्याला शंका घ्यायची जागाच राहत नाही. ‘वाटणं’ हा शब्द वापरला असता तर पहिल्याच तासाला कुणीतरी हात वर केला असता.

‘समर्थित’ची गत त्याहून वाईट. समर्थन म्हणजे पाठिंबा. समर्थित म्हटलं की मला ‘अमुक पक्ष समर्थित उमेदवार’ आठवतो. (हशा) आणि ‘त्याच्या वागण्याचं समर्थन करू नका’ यात तर चुकीच्या गोष्टीला योग्य ठरवणं आहे. इथे म्हणायचंय काय, तर आधार. साधार. आपल्याकडे ‘कशावरून?’ हा एक शब्दाचा सुंदर प्रश्न आहे. कुठल्याही आजीला विचारा, ती नातवाला हाच प्रश्न विचारते.

आणि ‘ज्ञान’? इथे तर दोन गावांचे रस्ते एकमेकांवर चढलेत. संस्कृत शास्त्रांत, विशेषतः न्यायात, ज्ञान हा शब्द खऱ्याखोट्याचा निवाडा न करता वापरतात. दोरी पाहून साप वाटला तर तेही ज्ञानच, पण अयथार्थ ज्ञान. खरं असेल तेव्हा प्रमा. म्हणजे इंग्रजी ‘नॉलेज’च्या जागी ज्ञान ठेवलं की ‘खोटं ज्ञान’ हा वदतोव्याघात होतो, आणि न्यायशास्त्रात तो रोजच्या वापरातला शब्द आहे. आपल्या विदर्भातच, रिद्धपूरच्या महानुभावांच्या परिभाषेत ‘अन्यथाज्ञान’ हा शब्द आहे. तिकडे ज्ञानदेव अमृतानुभवात अज्ञानाचं खंडन करायला एक अख्खं प्रकरण देतात, आणि तिथलं ज्ञान तर आणखी तिसरंच. एकाच शब्दात इतकी बिऱ्हाडं राहतात. मराठी तत्त्वज्ञान महाकोश, वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ साली तीन खंडांत निघालेला, त्या काळातलं प्रचंड काम आहे. पण कोश झाला म्हणून भाषा झाली असं होत नाही. शब्द कोशात बसवल्यावर तो बाजारात चालवून पाहावा लागतो.

बाजार म्हटला की लकडगंज आलंच. येताना आरामशिनीचा आवाज ऐकत आलो. सागाच्या भुशाचा वास अजून नाकात आहे. तर एक उदाहरण इथलंच घेऊ. काल्पनिक आहे, समोर काही व्यापारी मंडळी बसली आहेत, त्यांनी मनावर घेऊ नये.

समजा एक गृहस्थ चौकटीसाठी लाकूड घ्यायला आले. त्यांना सीपी साग हवा, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातल्या जंगलांचा, बल्लारशाकडचा. दुकानदार लबाड. त्याने ठरवलं, याला आफ्रिकन साग देऊन टाकू. पावतीवर मात्र ‘सीपी साग’ लिहिलं. पण हमालाने चुकून दुसऱ्या थप्पीतलं लाकूड गाडीत भरलं, आणि ते निघालं अस्सल सीपी. गृहस्थ घरी जाऊन बायकोला सांगतात, ‘सीपी साग आणलाय.’ वाक्य खरं आहे. त्यांना तसं वाटतंही आहे. आधारही आहे, पावती आहे, दुकानाची पाटी आहे. मग त्यांना ते माहीत आहे का?

(प्रेक्षकांतून: ‘नाही’, ‘आहे की’, ‘नशिबाने खरं निघालं’.)

‘नशिबाने खरं निघालं’ असं कुणीतरी म्हणालं. एडमंड गेटिअरने १९६३ साली तीन पानांच्या लेखात हेच दाखवलं, आणि तेव्हापासून त्या व्याख्येला डागडुजी चालू आहे. व्याख्येचे तिन्ही पाय जागेवर आहेत आणि तरी खुर्ची डुगडुगते.

आता आपल्यातला एक वर्ग इथे लगेच उठतो आणि म्हणतो, ‘हे तर आमच्याकडे आधीच होतं.’ होतं, खरंच होतं. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध आचार्यांनी अशी उदाहरणं दिली आहेत: दुरून किड्यांचा थवा दिसतो, तो माणसाला धूर वाटतो, त्यावरून तो म्हणतो तिथे आग आहे, आणि आग खरोखरच असते. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षांकडे मुठीतल्या कवड्यांचं उदाहरण आहे. कुणीतरी उगाच म्हणतो पाच, आणि मूठ उघडली तर पाचच. नैयायिकांनी हे आक्षेप गांभीर्याने घेतले. पण ‘आधीच होतं’ म्हणून हात झटकणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: श्रीहर्षांनी हे उदाहरण कशासाठी वापरलं? ते प्रमेच्या व्याख्याच टिकत नाहीत हे दाखवायला निघाले होते. त्यांचा रोख आपल्याच शास्त्रावर होता. आपण अभिमानासाठी त्यांचं नाव घेतो आणि त्यांचा प्रश्न मात्र घेत नाही.

या दोन परंपरांना खरोखर एका टेबलाशी बसवण्याचा एक प्रयत्न १९८३ साली पुण्यात झाला. मे. पुं. रेगे, दया कृष्ण वगैरे मंडळींनी न्यायशास्त्राचे पंडित बोलावले आणि रसेलची ‘प्रपोझिशन’ ही कल्पना त्यांच्यापुढे संस्कृतात मांडली. पंडितांना अडचण आली ती अशी: वाक्य समजलं, वाक्यामुळे होणारं ज्ञान समजलं, वस्तू समजली, पण या तिघांहून वेगळं, कुणाच्याही डोक्यात नसलं तरी खरं किंवा खोटं असणारं हे काय आहे? मला हा प्रसंग फार आवडतो. त्यात कुणी कुणाला हरवत नाही. एका भाषेत जे इतकं उघड आहे की त्याला कारण लागत नाही, ते दुसऱ्या भाषेत सांगताना घाम फुटतो. नागपूरचेच सुरेंद्र बारलिंगे पुण्याला गेले आणि त्यांनी ‘परामर्श’ चालवलं, तेही याच धडपडीत. पण या चर्चा क्रमिक पुस्तकांपर्यंत आल्या नाहीत. पुस्तकांत पूर्व एका प्रकरणात आणि पश्चिम दुसऱ्या प्रकरणात. मध्ये भिंत.

एक गोष्ट राहिली, तीही सांगतो. मराठीत ‘टू नो’ हे एक क्रियापद नाहीच. गोष्ट माहीत असते. माणूस ओळखीचा असतो. पोहणं ‘येतं’. अर्थ कळतो. कधी नुसतं समजतं आणि कधी समजून उमजतं. इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइलला १९४९ साली ‘माहीत असणं’ आणि ‘करता येणं’ हे वेगळे आहेत हे सांगायला मेहनत घ्यावी लागली, कारण त्याच्या भाषेत दोन्हीकडे ‘नो’च आहे. आपल्याकडे ‘मला पोहणं माहीत आहे’ म्हणणारा बुडेल आणि ‘मला पोहता येतं’ म्हणणारा तरेल, हे पोराला कळतं. शिवाय यातली बरीच क्रियापदं ‘मी’ घेत नाहीत, ‘मला’ घेतात. मला माहीत आहे, मला कळलं, मला येतं. जणू ज्ञान ही मी करायची गोष्ट नसून मला होणारी गोष्ट आहे. यावरून ‘मराठी माणूस ज्ञानाकडे अमुक दृष्टीने बघतो’ असा सिद्धांत काढू नका, व्याकरणातून स्वभाव काढणारे लोक मला पटत नाहीत. एवढंच की ज्ञानमीमांसेचं मराठी पुस्तक लिहिताना ही क्रियापदं पहिल्या पानावर हवीत. ती नसतात.

आता श्रद्धा. इथे जरा जपून बोलतो, कारण या शब्दापायी महाराष्ट्रात रक्त सांडलेलं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. नागपुरात तर १९८२ पासून श्याम मानवांची अखिल भारतीय समिती काम करते आहे. या चळवळीचं ऋण मी मानतो. वाद आहे तो एका व्याख्येशी.

विवेकवादी मांडणी सर्वसाधारणपणे अशी: पुराव्याच्या प्रमाणात मानावं. पुराव्यावाचून किंवा पुराव्याविरुद्ध जे मानलं जातं ती श्रद्धा. मग श्रद्धा आणि अंधश्रद्धा असा भेद करायचं कारण उरत नाही, श्रद्धा तेवढी आंधळीच. ‘आजचा सुधारक’च्या पानांवर या शब्दावरून वारंवार चर्चा झाल्या, पत्रं आली, उत्तरं आली. युक्तिवाद म्हणून हा भेद नाकारणं चोख आहे. इंग्लंडातल्या क्लिफर्डने १८७७ साली जहाजमालकाचं उदाहरण दिलं: जहाज जुनं झालंय हे दिसत असून तो स्वतःची समजूत घालतो की ते सुखरूप जाईल, आणि माणसं बुडतात. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो दोषीच, असं क्लिफर्ड म्हणतो, कारण तसं मानण्याचा त्याला हक्कच नव्हता. हे मला आजही पटतं.

अडतं ते ‘पुरावा’ या शब्दाशी. पुरावा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मी स्वतः तपासलेलं काहीतरी येतं. पण मला माहीत असलेल्या गोष्टींपैकी मी स्वतः किती तपासल्या? माझी जन्मतारीख मला आईने सांगितली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मास्तरांनी सांगितलं. गोळीत काय आहे ते पाकिटावर लिहिलंय. हे सगळं ‘शब्द’ आहे, न्यायाच्या अर्थाने. आणि इथे विवेकवाद्यांनी एक घोटाळा केला. शब्दप्रमाण म्हणजे वेदप्रामाण्य, म्हणजे पोथीनिष्ठा, असं समजून त्यांनी ते सगळंच फेकून दिलं. आगरकरांच्या काळात ते समजण्यासारखं होतं, समोर शास्त्रीबुवा पोथी घेऊनच उभे होते. पण न्यायसूत्रांवरचं वात्स्यायनांचं भाष्य काय म्हणतं ते पाहा. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. आणि ही व्याख्या ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखीच लागू आहे असं ते म्हणतात. जात नाही, जन्म नाही. दोनच कसोट्या: ठाऊक आहे का, आणि खरं सांगायचं आहे का.

ही हत्यारासारखी व्याख्या आपल्या हातात होती आणि आपण ती सनातन्यांच्या खोलीत ठेवून आलो. करोनाच्या काळात मोबाइलवर काढ्यांच्या पाककृती फिरत होत्या तेव्हा लोकांना ‘पुरावा द्या’ म्हणून काय उपयोग होता? त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा ना वेळ. त्यांना विचारायचा प्रश्न हा होता की सांगणाऱ्याला हे कशावरून ठाऊक, आणि तो हे का सांगतोय? हे प्रश्न कुणालाही विचारता येतात. बाबालाही आणि औषध कंपनीलाही.

बौद्ध आणि वैशेषिक म्हणतात शब्द हे स्वतंत्र प्रमाण नाही, ते अनुमानातच मोडतं. तो वाद मोठा आहे, आज सोडतो.

पुन्हा श्रद्धेकडे. मराठीत श्रद्धा हा शब्द माझी आई जसा वापरायची त्यात एखादं विधान खरं मानणं फारसं नव्हतंच. ‘तिची गजानन महाराजांवर श्रद्धा आहे’ म्हणजे ती गुरुवार करते, शेगावला जाते, संकटात त्यांचं नाव घेते. तिला विचारलं, अमुक चमत्कार झाला असं तू मानतेस का, तर ती म्हणायची, ‘झाला असेल नसेल, मला काय करायचंय.’ आता हिच्या श्रद्धेला ‘पुराव्याविना मानलेलं विधान’ या खणात टाकलं की दोन गोष्टी होतात. ती दुखावते. आणि ज्या बुवाने पोर आजारी असताना दवाखान्यात जाऊ नका असं सांगितलं, जिथे खरोखर एक खोटं विधान आणि त्यामागचा पैसा आहे, तो बुवा तिच्याच पदराआड लपतो. ‘आमच्या श्रद्धेवर हल्ला’ असं म्हणायला त्याला मोकळीक मिळते. २०१३ चा कायदा पाहा, त्याच्या अंतिम नावात अंधश्रद्धा हा शब्दच नाही. नरबळी, अमानुष, अनिष्ट आणि अघोरी प्रथा, जादूटोणा असं आहे, आणि अनुसूचीत कृत्यांची यादी आहे. कायद्याने श्रद्धेची व्याख्या करण्याचा नाद सोडला, कृत्यं मोजली. यामागे राजकीय तडजोड होती हे सगळ्यांना माहीत आहे. पण विचार म्हणूनही मला ते जास्त नेमकं वाटतं.

पाणी घेतो.

आता मन. वेळ थोडा आहे, पण हे टाळता येणार नाही.

देकार्तचं पुस्तक १६४१ चं, लॅटिनमध्ये. शरीर आणि ‘मेन्स’ ही दोन द्रव्यं, असं तो म्हणतो. हा ‘मेन्स’ काय काय करतो? शंका घेतो, समजून घेतो, होकार-नकार देतो, इच्छा करतो, कल्पना करतो, संवेदनाही त्याच्याच. मराठीत आपण म्हणतो ‘मन’. आणि ‘मन-शरीर समस्या’ असा पाठ लिहितो. पण मराठीतलं मन समजून घेत नाही, ते काम बुद्धीचं. मन दुखतं, मन उडतं, मनात येतं, मन मोडवत नाही. ‘बुद्धीला पटतं पण मन मानत नाही’ हे वाक्य देकार्तला सांगायला गेलात तर तो म्हणेल, हे दोघे कोण?

दर्शनांत तर आणखी गंमत. सांख्यांत मन, बुद्धी, अहंकार हे सगळे प्रकृतीच्या बाजूला, म्हणजे जडाच्या बाजूला. न्याय-वैशेषिकात मन हे नऊ द्रव्यांपैकी एक, अणुएवढं, आणि ते मानायचं कारण काय, तर एका क्षणी दोन ज्ञानं होत नाहीत म्हणून कुठलंतरी एक छोटं दार मध्ये असलं पाहिजे. ज्ञान हा मनाचा गुणच नाही, तो आत्म्याचा. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याने ‘भारतीय आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील मनाची तुलना करा’ या प्रश्नाचं उत्तर लिहिलं की त्याने नळ आणि नळराजा यांची तुलना केलेली असते. चार्वाक जिथे म्हणतो की धान्य आंबलं की त्यात जशी नशा येते तशी भूतांच्या मिश्रणातून जाणीव येते, तिथे तो ‘चैतन्य’ म्हणतो. आमच्याकडे मोहफुलांवर हे लगेच समजतं. तुलना करायची तर ती तिथे आहे, चैतन्य कुठून आलं या प्रश्नाशी. आज मेंदूवाले शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ ज्याच्याशी झगडताहेत तो प्रश्नही तोच.

हे शब्दांचे खेळ वाटत असतील तर घरचं सांगतो. माझ्या धाकट्या भावाला विशीत नैराश्य आलं. तेव्हा हा शब्द घरात कुणी वापरत नव्हतं. सगळे म्हणायचे, ‘मन घट्ट कर.’ वडील म्हणायचे, मामा म्हणायचे, मीसुद्धा म्हणालो, आणि मी तेव्हा तत्त्वज्ञानात एम.ए. करत होतो. मन म्हणजे ज्याला आवरायचं, मारायचं, घट्ट करायचं ती गोष्ट. मग मनाला आजार झाला याचा अर्थ असा निघतो की ज्याने आवरायचं त्याने आवरलं नाही. दोष त्याचाच. दोन वर्षांनी एका डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं, ‘मेंदूतल्या रसायनांचा हा आजार आहे.’ त्या दिवशी वडील पहिल्यांदा त्याच्या खोलीत जाऊन बसले. मेंदू म्हटल्याबरोबर दोष कुणाचाच राहिला नाही.

पण नंतर दुसरी बाजूही दिसली. मेंदूचा आजार म्हटल्यावर त्याला काय वाटतंय हे कुणी विचारेना. गोळी घेतली का, एवढंच. त्याची नोकरी गेली होती, एक लग्न मोडलं होतं, यातलं काही रसायनाच्या खात्यात मांडता येत नव्हतं. एक शब्द होता त्यात त्याला दोष लागत होता, दुसऱ्यात तो माणूस म्हणून उरत नव्हता. देकार्तचं द्वैत आमच्या दोन खोल्यांच्या घरात असं राहायला आलं होतं, आणि मी वर्गात त्यावर टिपणं काढत होतो. भाऊ आज बरा आहे, त्याच्या परवानगीने सांगतोय.

मला यावर नवा पारिभाषिक शब्द सुचवायचा नाही. समिती नेमून हे व्हायचं नाही. मी वर्गात एवढंच करायला लागलो: ‘मन’ हा शब्द आला की विद्यार्थ्यांना विचारायचं, इथे बुद्धी, जाणीव, भान, इच्छा, चित्त यातलं नेमकं काय म्हणायचंय? निम्म्या वेळा लेखकालाच ते ठरवायचं राहिलेलं असतं.

बरं, प्रश्न घेऊ. दोनच, हॉल रिकामा करून द्यायचाय.

(प्रश्न: देशपांडे सर असते तर त्यांनी तुम्हाला काय उत्तर दिलं असतं?)

त्यांच्या तोंडी मी शब्द घालणार नाही. पण त्यांच्या पद्धतीने मीच स्वतःला विचारतो: ‘रूढ भाषेत लोक कसं बोलतात यावरून काय खरं आहे ते ठरतं का?’ नाही ठरत. लोक सूर्य उगवला म्हणतात. हा आक्षेप माझ्यावर लागू होतो आणि मी तो पूर्णपणे परतवू शकलेलो नाही. मी एवढंच म्हणेन की ज्या भाषेत समजावायचं तिच्या क्रियापदांना डावलून समजावलं तर समोरचा मान हलवतो, त्याला कळलेलं नसतं.

(प्रश्न, मागच्या रांगेतून: सर, मी इथंच सुतारकाम करतो, तीस वर्सं झाली. ते तुमचं सागाचं उदाहरण. गिऱ्हाइकाले माहीत नव्हतं हे बराबर. पण माल्याकडं लाकूड आणलं की मले एका मिनिटात समजते. ताजा काप घेतला, वास घेतला, हात फिरवला, रेषा पाह्यल्या, की समजून जाते. पण कशावरून म्हणून इचारलं तर पुरं सांगता नाही येत. मग मले माहीत आहे म्हणायचं का नाही?)

भाऊ, तुम्ही मला दोन तासांचं काम लावलंत. वास आणि रेषा हा तुमचा आधार आहे, तेवढा तुम्ही सांगितलात. उरलेला सांगता येत नाही, पण तुमची चूक किती वेळा होते?

(‘वर्साकाठी एखादी.’)

आणि झाली तर कशी समजते?

(‘रंधा मारला की समजते.’)

मग पुढचं व्याख्यान तुमच्या कारखान्यात ठेवू. मी रंधा मारीन, तुम्ही बोला. (टाळ्या)